विषय: मुंबई–रत्नागिरी सायकलफेरी: मार्ग, गोळ्या आणि पैसे

प्रेषक: सायकल समन्वयक (मुंबई)
प्रति: मंडळ यादी

नमस्कार मंडळी,

मानसिक आरोग्याच्या कामाला निधी म्हणून ब्रिटनमधली आपली मंडळी जानेवारीत जी सायकलफेरी करणार आहेत, तिच्याबद्दल बरेच प्रश्न सुटे सुटे आले, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितो.

अटल सेतूवर दुचाकीलाच बंदी आहे, तिथे सायकलचं काय घेऊन बसलात. कोस्टल रोड आणि सी-लिंकचंही तेच. तेव्हा 'सेतूवर झेंडा दाखवून सुरुवात' विसरा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा गाठायचं, तासाभराचा प्रवास. गेटवेच्या लाँचवर वीस सायकली चढवणं म्हणजे डोक्याला ताप.

मांडवा–अलिबाग–रेवदंडा–काशीद–मुरूड, साधारण ७० किमी. दुसऱ्या दिवशी आगरदांडा–दिघी फेरी (म्हणजे खाडी ओलांडायची फेरीबोट), मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडला–वेसवी फेरी, केळशी, आंजर्ले, हर्णै. चौथ्या दिवशी दाभोळ–धोपावे फेरी आणि गुहागर. पाचवा दिवस सगळ्यात लांब: वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ–जयगड फेरी, गणपतीपुळे, रत्नागिरी. मुंबई–गोवा महामार्ग टाळलाय, त्यामुळे ट्रक कमी. पण सपाट रस्ता कुणी धरून चालू नये. मोठा घाट नसला तरी प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं. हे चढ आखूड आणि खडे असतात, तेव्हा मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (दातेरी चकत्यांच्या संचात) सगळ्यात मोठी चकती ३२ दातांची तरी हवीच. दुपारचा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे आपल्या पाठीशी.

टायर २८ मिमीच्या खाली नको, ३२ उत्तम. सत्तर किलोच्या माणसाला ३२ मध्ये ५५–६० पीएसआय हवा पुरते. शंभर भरली तर खडीवर हाडं खिळखिळी होतील. गावच्या सायकल दुकानात प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हची ट्यूब मिळणार नाही आणि तिथला पंपही त्याला बसणार नाही. दोन ट्यूब आणि पितळी अ‍ॅडॉप्टर सोबत हवेत. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला अडकवायची पट्टी, बहुतेक प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि विमानात नेमका तोच वाकतो. एक जादा आणा, आणि डिरेलर सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमला बांधा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दर वेळी कुणीतरी ते जोर लावून उलट्या बाजूला फिरवतो आणि क्रँकचे (पेडल बसतं त्या दांड्याचे) आटे खातो. हवा भरायच्या सीओटूच्या नळकांड्या आणू नका, विमानतळावर काढून घेतील.

धक्क्यांच्या उतारावर ओहोटीला शेवाळ उघडं पडतं. क्लीटच्या (पेडलला अडकणाऱ्या) बुटांनी तिथे माणूस आडवाच होतो. चपला घालून सायकल ढकलत न्या.

निघायची वेळ पहाटे चार ठेवतोय, म्हणजे ऊन व्हायच्या आत निम्मं अंतर होईल.

---

प्रेषक: वैद्यकीय सल्लागार
प्रति: मंडळ यादी

समन्वयक, मार्ग छान आहे, पण पहाटे चारला माझा विरोध आहे. फेरी मानसिक आरोग्यासाठी, आणि वेळापत्रक मात्र आजार असलेल्याला परस्पर वगळणारं! बायपोलर आजारात सलग दोन-तीन रात्रींची अपुरी झोप उन्मादाचा झटका आणू शकते. विमानप्रवास आणि साडेपाच तासांचा वेळेतला फरक आधीच झोप मोडतो. रात्री झोपेची गोळी घेणारा चार वाजता पेंगतच असतो. शिवाय जानेवारीत तिकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तीन तास अंधारात. साडेसहाला निघा, दुपारी बारा ते तीन सावलीत थांबा. आल्यावर मुंबईत दोन रात्री झोप काढून मगच सायकलवर बसायचं.

औषधांचं सविस्तर लिहिते, कारण या बाबतीत सायकलवाल्यांचे नेहमीचे सल्ले घातक ठरतात.

लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. त्यात गुडघा दुखतो म्हणून कुणी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं की ती आणखी वाढते. म्हणून सायकलींसोबतच्या टेम्पोतल्या औषधपेटीत वेदनाशामक फक्त पॅरासिटामॉल. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर 'ऊन लागलं असेल' म्हणून सरबत पाजत बसू नका. सायकल थांबवा, पुढचा डोस देऊ नका, आणि लिथियमची पातळी तपासता येईल अशा रुग्णालयात थेट न्या. निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना हा बेत सांगून पातळी तपासून घ्यावी. मनाने डोस कमी करणं हा उपाय नव्हे.

एसएसआरआय गटातल्या (नैराश्यावरच्या) गोळ्यांचा धोका उलटा असतो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर सोडियम उतरतं, विशेषतः साठीच्या पुढे किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं. काही अँटिसायकोटिक औषधांनी शरीराचं तापमान-नियंत्रण बिघडतं, आणि त्यांच्यासोबत थरथर कमी करायला देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घामच कमी येतो. अशा माणसाचा शर्ट कोरडा दिसला म्हणून तो निवांत आहे असं समजू नये.

सर्वसाधारण माप तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहानेप्रमाणे. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत नाही. मेडिकलमधली गोड तयार खोकी म्हणजे ओआरएस नव्हे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणून सोबत खारे शेंगदाणे खा. कोकम सरबतात मीठ घालून घ्या.

गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. कोण काय घेतो हे यादीवर विचारू नका. प्रत्येकाने औषधांची नावं, डोस आणि घरचा नंबर बंद पाकिटात घालून जर्सीच्या मधल्या खिशात ठेवावा, गरज पडली तरच उघडायचं. रात्री-अपरात्री कुणाचं मन फारच खचलं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. भारतीय सिमवरून लावा.

---

प्रेषक: खजिनदार
प्रति: मंडळ यादी

डॉक्टर, समन्वयक,

पैशांचंही तसंच नाजूक आहे. भारतातल्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावरच उतरते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणून 'एका मोठ्या संस्थेला देऊ, ती तीन संस्थांत वाटेल' हे जमणार नाही.

भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्याची (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची) मात्र परदेशीच, मुंबईत रुपयांत दिली तरी. तेव्हा एकाच्या खात्यात सगळ्यांचं गोळा करून पुढे पाठवू नका, तिथेच घोळ होतो. तिकीट, मुक्काम आणि टेम्पो ज्याचं त्याने, देणगीतून एक पै नाही.

किलोमीटरमागे एक पौंड, ही योजना कुणी सुचवली आहे?

---

प्रेषक: वैद्यकीय सल्लागार

कुणीही सुचवली असो, नको. किलोमीटर मोजून पैसे म्हटले की ताप आलेला माणूसही टेम्पोत बसायला तयार होत नाही. ठोक रक्कम घ्या, पाच किमी झाले तरी तीच.

टी-शर्टचा मजकूरही बदला. 'चला वेडे होऊया' छान वाटतं खरं, पण 'याला ठाण्याला पाठवा' ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात गंमत दिसत नाही. आपण पोचतोय त्या रत्नागिरीतही मनोरुग्णालय आहे. त्याच्या दारात गटाचे फोटो काढायचे नाहीत.

---

प्रेषक: सायकल समन्वयक (मुंबई)

मान्य. साडेसहा. रक्कम ठोक. टी-शर्टवर फक्त मार्ग आणि १४४१६.

टेम्पोला आपल्यात 'भंगारगाडी' म्हणतात, तेही बंद. त्यात बसण्याची पाळी सगळ्यांची लावतोय: रोज चार जण, प्रत्येकी एक टप्पा, समन्वयक पहिल्याच दिवशी रेवदंड्यापासून. म्हणजे कुणी का बसलाय हे विचारायचं कारणच उरत नाही. गट सहा-सहाचे, एकामागे एक, शेवटचा माणूस ठरलेला. डोकी मोजायची ती फेरीबोटीत चढताना. उतरल्यावर मोजून काय उपयोग, मागे राहिलेला पलीकडच्या धक्क्यावर असतो.

परतीला सायकली रत्नागिरीहून टेम्पोतच येतील. रेल्वेत लगेज म्हणून टाकता येतात, पण वीस एकदम एकाच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये मावतीलच याची खात्री नाही. गोणपाट आणि सुतळी मी आणतो. पेडल काढायला १५ चा पाना कुणाकडे आहे का, ते कळवा.