मामाच्या खोक्यातली बास्केटबॉल कार्डं, देऊन टाकू का?

लातूरचा_बाळू
राम राम मंडळी. आमचे मामा १९९१ ते ९४ ह्यूस्टनला होते, येताना चपलाच्या खोक्यात बास्केटबॉलची कार्डं घेऊन आले, परवा माळा आवरताना खोकं सापडलं. चारेकशे असतील, बहुतेक हूप्स ब्रँडची १९९०-९१ ची, लई सारे हकीम ओलाजुवान (ह्यूस्टनचाच खेळाडू, मामाचा जीव त्याच्यावर), थोडे शाक (शकील ओनील), अन् एक मायकल जॉर्डन, फ्लियर कंपनीचा १९८६ चा, मागं नंबर ५७. हा जुन्या बाजारात ३ डॉलरला भेटला म्हणायलेत मामा. एक जण व्हॉट्सॲपवर सगळ्या खोक्याचे ८ हजार द्यायलाय, उद्याच सांगा म्हणतो. नेटवर त्याच जॉर्डनचे लाखो दाखवायलेत, झोप उडाली राव.

संभाजीनगरी
उद्याच पायजे म्हणणाऱ्याला आधी परवा सांगतो म्हणा.
नेटवरचा आकडा पाहून काही होत नाही, ईबेवर 'सोल्ड' फिल्टर लावून खरंच विकलं कितीला ते बघा, मागायला काय कुणी काहीपण मागतंय. जॉर्डनचं ते कार्ड पीएसएच्या (कार्डं तपासून १० पर्यंत ग्रेड देणारी कंपनी) १० ग्रेडमध्ये जानेवारी २०२१ ला ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं, नंतर भाव चांगलाच खाली आला, अन् १० म्हणजे कोपरे टोकदार, चित्र मधोमध, वर एक ओरखडा नाही. आपल्याकडं खोक्याला रबर लावायची सवय, कडेला खाच पडली की ग्रेड गेला. हूप्सचं म्हणाल तर त्या काळात इतकी छापली की जॉर्डनच असला तरी साध्या कार्डाला ग्रेडिंगची फीसुद्धा परत येत नाही.
शाकची चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, वरचा थर निघून येतो.

नांदेडचा_सेंटर
८६ च्या फ्लियरमध्ये १३२ कार्डं, अन् नकली सगळ्यात जास्त ५७ नंबरचंच. मी स्वतः ऑनलाइन साडेसहा हजार घालवून बसलोय, विकणाऱ्यानं नंतर फोन उचलला नाही. सोनाराकडचं भिंग घ्या, नावाची अक्षरं बघा. असलीत शाई सलग भरलेली असते, स्कॅन करून छापलेल्यात अक्षरंबी ठिपक्या-ठिपक्याचीच दिसतात.

परभणी_पॉइंट
खरं निघालं तरी इथं घेणार कोण? गिऱ्हाईक बाहेरचं, म्हणजे पार्सल, विमा, कस्टम सगळं आलं. अन् कूलरसमोर ठेवू नका, उन्हाळ्यात ओल धरून माझी कार्डं पापडावानी वाकली.
बाळूभाऊ, हूप्समध्ये मार्क जॅक्सन २०५ नंबर हाय का बघा. फोटोत मागं प्रेक्षकांत मेनेंडेझ भाऊ बसलेत, १९८९ ला आईबापाला मारलेले तेच! त्या एका कार्डाला बाकीच्यांपेक्षा बरा भाव येतो.

लातूरचा_बाळू
आमच्या गल्लीतल्या सोनारानं भिंग दिलं, वर हसलाबी. जॉर्डनची अक्षरं नुसते ठिपके. मामाला अजून सांगितलं नाही.
मार्क जॅक्सन मात्र दोन निघाले, एकाच्या कोपऱ्यावर मामाच्या चहाचा डाग हाय. ८ हजारवाल्याला फोटो पाठवले तर आता ३ म्हणायलाय. ओलाजुवान सगळे बाजूला काढले, ते मामाचे मामाला. बाकीच्याला ५ म्हणू का?

संभाजीनगरी
६ म्हणा. अन् चहावाला ठेवून घ्या.