पद्मिनीतले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? माझं मत: नको, आधी डिस्ट्रिब्युटर नीट करा

पसरणीवाला:

गेल्या मे महिन्यात पसरणी घाटात माझी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी कार तीनदा बंद पडली. वाईतून निघताना एका स्टार्टरमध्ये चालू झाली होती. चार-पाच वळणं चढल्यावर मिसिंग सुरू, मग सायलेन्सरमधून फटाके, आणि बंद. वीस मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. थांबून बघणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, "व्हेपर लॉक आहे (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडलाय), पंपावर ओलं फडकं टाका." टाकलं. काही फरक नाही.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपच्या मधली मेन वायर काढली, टोक ब्लॉकपासून पाव इंचावर धरलं आणि मुलाला स्टार्टर मारायला सांगितलं. (वायर चांगल्या इन्सुलेशनच्या पकडीने धरा, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना ते आधी बघा.) ठिणगी पडत होती, पण पिवळट, बारीक, मधेच गायब. निरोगी ठिणगी निळी असते आणि तिचा टकटक आवाज येतो. मग कॅप काढून पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगची ठिणगी घडवणारे संपर्क, बघितले. एका तोंडावर खड्डा, समोरच्यावर टेकाड, आणि पॉइंट उघडताना तिथेच भली मोठी पांढरी ठिणगी. पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर गेला होता. तापला की दगा द्यायचा, थंड झाला की शहाण्यासारखा वागायचा. कप्प्यात जुना कंडेन्सर पडला होता तो लावला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्टीने) ०.४ मिमी गॅप ठेवला. पाचगणीपर्यंत गाडी कुठेही थांबली नाही.

आता मित्र मागे लागलेत की पॉइंट काढून त्यांचं काम करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाक. मला हे पटत नाही. पॉइंट सांगून-सवरून मरतात. आधी स्टार्टिंग जड होतं, मग पिकअप पडतो, मग मिसिंग येतं. मॉड्यूल जातं तेव्हा काहीही न सांगता जातं, आणि घाटात ते दुरुस्त करणारा माणूस भेटत नाही. शिवाय वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स करणारी वजनं आणि स्प्रिंग डिस्ट्रिब्युटरमध्ये तशीच राहतात. ती गंजून अडकली असतील तर वर कितीही भारी मॉड्यूल बसवा, गाडी चढावर रडणारच. रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने पिळून सोडा. स्प्रिंगने परत आला नाही, तर रोग तिथे आहे.

कुर्ला_११००:

निदान अचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

तुम्ही लावलेला कंडेन्सर जुना होता, म्हणून चालला. आज दुकानातून आणलेले नवे किती दिवस टिकतात? मी दोन वर्षांत चार बदलले. पॉइंटच्या नव्या सेटमध्ये फायबरची टाच इतकी मऊ येते की दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये झिजते आणि गॅप मिटतो. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतात, म्हणजे सेकंदाला शंभर. एवढं काम करणारा भाग आज कोण मन लावून बनवतंय?

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. या गाडीचे पार्ट खपायचे ते टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. रात्री दोन वाजता नाक्यावर पॉइंट सेट करून देणारे मिस्त्रीही टॅक्सीमुळेच होते. आता ना गिऱ्हाईक, ना मिस्त्री. "रस्त्यात दुरुस्त होतं" हा मुद्दा तेव्हा खरा होता. आज पॉइंट तुम्हाला स्वतःलाच सेट करावे लागतात, आणि सगळ्यांना ते जमत नाही. माझी मुलगी गाडी नेते, तिने अंधारात फिलर गेज घेऊन बसावं असं मला वाटत नाही.

माझ्या गाडीत तीन वर्षांपासून मॉड्यूल आहे. सकाळी अर्ध्या स्टार्टरमध्ये चालू होते. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवलेत. उद्या मॉड्यूल गेलं तर पंधरा मिनिटांत जुनी व्यवस्था परत बसते.

मिस्त्रीचा_मुलगा:

वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे मॉड्यूल जळालेल्या गाड्या बऱ्याच बघितल्यात. मॉड्यूल स्वतःहून क्वचित जळतं, बहुतेक वेळा आपणच जाळतो. गाडी बंद ठेवून इग्निशन चालू, आणि मालक रेडिओ ऐकत बसलेला. किंवा प्लस-मायनस उलट जोडलं. नाहीतर कमी रेझिस्टन्सची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) लावली. साध्या जुन्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास असतो, बॅलास्टवाल्या (बाहेरून वेगळा रेझिस्टर जोडलेल्या) कॉइलचा त्याच्या निम्मा. मल्टिमीटर लावायला दोन मिनिटं लागतात, ती घालवा. प्लगच्या वायरी नुसत्या तांब्याच्या असतील तर त्याही बदला, त्यांच्यातून निघणाऱ्या विद्युत गडबडीने काही मॉड्यूल बावचळतात.

पसरणीवाले, तुम्ही एक गोष्ट बघितलेली दिसत नाही. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून बघा. बुश (शाफ्टला धरणाऱ्या आतल्या नळ्या) झिजले असतील तर ०.४ मिमीच्या गॅपमध्ये ०.१ मिमीचा खेळ म्हणजे पाव गॅप गेला. एका सिलिंडरला बरोबर, दुसऱ्याला कमी, आणि टायमिंग जागेवर थांबत नाही. अशा डिस्ट्रिब्युटरवर पॉइंट कधीच नीट चालणार नाहीत. मॉड्यूल तिथे जास्त सहन करतं, म्हणूनच लोकांना ते जादू वाटतं.

कुर्ला_११००:

अगदी बरोबर. म्हणजे सहन करणारीच वस्तू लावलेली बरी ना? चाळीस वर्षांच्या गाडीत खेळ असणारच.

पसरणीवाला:

नाही, इथेच आमचं भांडण आहे. खेळ असणारच म्हणून तो झाकायचा का? शाफ्ट हलत असेल तर रोटरही हलतो, कॅपच्या आत ठिणगीला जास्त उडी मारावी लागते, आणि मॉड्यूलवरही टायमिंग थोडंफार नाचतंच. मूळ झीज आत तशीच राहते आणि वर आपण समाधान विकत घेतो.

मिस्त्रीचा_मुलगा यांनी सांगितल्यावर काल शाफ्ट हलवून बघितला. बोटाला स्पष्ट खेळ लागला. हे मी घाटातून परत आल्यावर लगेच बघायला हवं होतं. आज डिस्ट्रिब्युटर काढून लेथवाल्याकडे दिला, तो फॉस्फर ब्राँझचे बुश बनवून बसवणार आहे. काढण्याआधी रोटरची दिशा आणि बॉडीची जागा खडूने खुणावून ठेवली आणि फोटो काढला.

मुलीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी द्यायची असेल तर तुमचा निर्णय बरोबर आहे, हे मान्य. पण गाडी स्वतः चालवणाऱ्याने आणि बॉनेट स्वतः उघडणाऱ्याने पॉइंट सोडू नयेत, या मतावर मी ठाम आहे. कंडेन्सर नवा आणला की लगेच लावायचा, दोन-तीनशे किलोमीटर चालवून बघायचा, आणि टिकला तर जुना कप्प्यात. पाकीट न फोडलेला नवा कंडेन्सर स्पेअर म्हणून बाळगू नका, तो चालतो की नाही हे तुम्हाला घाटातच कळेल.

सावंतवाडीकर:

आमच्याकडे पावसात निम्म्या तक्रारी कॅपच्या. आतून ओल धरते, मग केसाएवढी काळी रेघ उमटते आणि करंट त्या रेघेवरून पळतो. पॉइंट असोत की मॉड्यूल, कॅप तीच. कोरड्या फडक्याने पुसून उजेडात धरून बघा. रेघ दिसली तर घासत बसू नका, कॅप बदला.

मिस्त्रीचा_मुलगा:

बुश बसवून आल्यावर टायमिंग टेस्ट लॅम्पने लावा. लॅम्पची एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू, पहिल्या सिलिंडरची खूण जुळवायची, आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. लॅम्प लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळा. वायरी लावताना क्रम १-३-४-२.

कुर्ला_११००:

पसरणीवाले, बुश झाले की कळवा. मेमध्ये मी माझी मॉड्यूलवाली घेऊन वाईला येतो. दुपारी बारा वाजता, दोन्ही गाड्या एकत्र पसरणी चढवू.

पसरणीवाला:

या. भर उन्हातच चढवू. तुमचे डिकीतले पॉइंटही घेऊन या, गॅप मी तपासून देतो.