मदत हवी आहे: महापालिकेच्या मतदान यंत्रावर ब्रेल वाचून चार मतं एकटीने कशी द्यायची?

नमस्कार. मी नागपूरला सक्करदऱ्याजवळ राहते. मला जन्मापासून दिसत नाही, पण ब्रेल उत्तम वाचता येतं.

लोकसभा-विधानसभेला माझं अडत नाही. उमेदवारांची अंतिम यादी लागली की घरचं कोणीतरी वाचून दाखवतं, हवा तो क्रमांक मी पाठ करते. केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागून घेते, नाव आणि क्रमांक जुळतो का बघते आणि एकटी आत जाते. बॅलेट युनिटवर, म्हणजे उमेदवारांची नावं आणि बटनं असलेल्या यंत्रावर, बटनांच्या बाजूला १ ते १६ असे ब्रेलचे आकडे असतात. बोट वरून खाली सरकवत न्यायचं, आकडा लागला की त्याच ओळीतलं बटन दाबायचं. मग बीप ऐकू येतो. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, ती मला वाचता येत नाही. म्हणजे माझी सगळी खात्री त्या आकड्यावर.

महापालिकेत हे गणित बिघडतं. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, प्रत्येकात नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) वेगळा. जागा ओळखायला मतपत्रिकेचे रंग वेगळे असतात, पण रंग मला दिसत नाहीत. उमेदवार कमी असले की एकाच यंत्रावर दोन जागांची नावं येतात. शिवाय तिथे व्हीव्हीपॅट नसतं.

मागच्या वेळी केंद्रावर मला सांगण्यात आलं, "चार-चार मतं आहेत, तुम्हाला जमणार नाही, भावाला आत घेऊन जा." मागे रांग होती, भाऊ आला, बटनं त्यानेच दाबली. भावावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आमची मतं सारखी असतात असं नाही, आणि मी कोणाला मत दिलं हे त्याला कळायचं काहीच कारण नाही. मतदान गुप्त असतं ते माझ्यासाठीही.

विचारायचं असं की, दुसऱ्या जागेची नावं यंत्राच्या मध्यापासून सुरू झाली तर ब्रेलचा आकडा आणि उमेदवाराचा क्रमांक जुळेल का? आणि पुन्हा सोबती घ्याच म्हणाले तर काय सांगायचं?

प्रतिसाद १
ताई, मी शिक्षक आहे, केंद्राध्यक्षाची ड्युटी केली आहे. ब्रेलचे आकडे यंत्रावर कायमचे असतात, ते बटनाचे आकडे. मतपत्रिका दर निवडणुकीला बदलते. समजा पहिल्या जागेचे सात उमेदवार आणि नोटा मिळून आठ ओळी झाल्या आणि पुढची ओळ कोरी न सोडता दुसरी जागा सुरू झाली, तर तिथला १ क्रमांकाचा उमेदवार ९ व्या बटनावर येईल. म्हणून उमेदवाराचा क्रमांक पाठ करू नका, कोणतं यंत्र आणि कितवं बटन हे पाठ करा. मतदान कक्षात जाण्याआधी अधिकाऱ्यांना विचारा: यंत्रं किती, डावीकडून कोणत्या जागा, प्रत्येक जागा कितव्या बटनावर सुरू होते आणि नोटा कितवा. हे सांगितल्याने गुप्ततेला धक्का लागत नाही, कारण तुम्ही कोणतं बटन दाबणार ते कोणी विचारत नाही.

सोबत्याचं म्हणाल तर निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९ एन बघा. दृष्टी नसल्यामुळे मदतीशिवाय मत देता येत नसेल तर किमान १८ वर्षांचा सोबती नेता येतो. ती सवलत आहे, सक्ती नाही. हा नियम लोकसभा-विधानसभेचा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना आधीच अर्ज द्या आणि पोच घ्या. मतदानाच्या दिवशी ती पोच दाखवली की वाद वाढत नाही.

प्रतिसाद २
ताई, बरोबर करून राहिल्या तुम्ही. आमच्या बाबांची नजर गेली तरी तेच म्हणतात, "बटन मीच दाबीन, तू काऊन मधात येतं?" पण त्यांना ब्रेल येत नाही, बटनं मोजतच खाली जावं लागते. दुपारच्या गर्दीत नका जाऊ, सकाळीच जा. घाई केली का मोजणं चुकते.

धागाकर्ती
सर, बटनाचा आकडा आणि उमेदवाराचा क्रमांक वेगळे धरायचे, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. अर्जात दोन गोष्टी मागते: ब्रेलमधली नमुना मतपत्रिका, आणि यंत्र व बटन क्रमांकासह उमेदवारांची यादी. मसुदा उद्या इथेच टाकते, भाषा तपासून द्याल का? आणि नागपुरात महापालिकेला कोणी अंध मतदाराने चारही मतं स्वतः दिली असतील तर कृपया लिहा. यंत्रं टेबलावर कशी मांडलेली होती तेवढं कळलं तरी मला घरी सराव करता येईल.