रॉकचा सुवर्णकाळ कुणामुळे घडला: ईर्ष्येमुळे की पाहुण्या कलाकारांमुळे?

खरज

साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकचा विषय निघाला की हल्ली सगळे पाहुण्या कलाकारांचे किस्से सांगतात. गिटारवादक एरिक क्लॅप्टन बीटल्सच्या रेकॉर्डवर वाजवून गेला, बीटल्सचे लेनन आणि मॅकार्टनी रोलिंग स्टोन्सच्या 'वी लव्ह यू'वर मागे गायले, वगैरे. किस्से छानच आहेत. पण माझं मत असं की त्या काळातलं जे खरोखर मोठं काम आहे, ते ईर्ष्येतून आलं. पाहुणे नसते तरी ते झालं असतं.

उदाहरण सरळ आहे. डिसेंबर १९६५मध्ये बीटल्सचा 'रबर सोल' आला. तो ऐकून अमेरिकेतल्या बीच बॉइज बँडचा ब्रायन विल्सन पेटला. दोन हिट गाणी आणि बाकी भरताड असा अल्बम करायचा नाही, सगळी गाणी त्याच तोडीची हवीत, हे त्याने ठरवलं. मे १९६६मध्ये 'पेट साउंड्स' आला. अमेरिकेत तो दहाव्या क्रमांकापर्यंतच गेला, पण बीच बॉइजमधला ब्रूस जॉन्स्टन तो घेऊन लंडनला आला आणि हॉटेलच्या खोलीत लेनन-मॅकार्टनीला त्याने तो ऐकवला. त्यानंतर वर्षभरात बीटल्सचा 'सार्जंट पेपर'. 'पेट साउंड्स'ची बरोबरी करण्याचा तो प्रयत्न होता, हे बीटल्सचे निर्माते खुद्द जॉर्ज मार्टिन सांगायचे.

यात कुणी कुणाच्या गाण्यात येऊन वाजवलं नाही. 'त्याने हे केलं, आता आपण काय करणार?' हा एकच प्रश्न दोन्हीकडे होता.

आडवाट

अजिबात सहमत नाही. तुम्ही गोष्ट 'सार्जंट पेपर'पाशी थांबवलीत. विल्सनचं पुढे काय झालं ते का नाही सांगत? 'पेट साउंड्स'च्या पुढचं पाऊल म्हणून तो 'स्माइल' करत होता. १९६७मध्ये तो अल्बम बासनात गेला. पूर्ण झाला २००४ साली, तोही त्याच्या एकट्याच्या नावावर. मान्य आहे, कारणं अनेक होती: बँडमधली भांडणं, कंपनीशी वाद, अमली पदार्थ, त्याचं आजारपण. पण आपण मागे पडतोय ही धास्तीही त्यात होतीच. ज्या शर्यतीने एकाला 'सार्जंट पेपर' दिला, तिनेच दुसऱ्याला सदतीस वर्षं अडकवून ठेवलं. हा हिशेब पूर्ण मांडा.

आता तुमच्या नावडत्या पाहुण्याकडे येऊ. सप्टेंबर १९६८. बीटल्सचं आपापसात पटत नव्हतं, ड्रमर रिंगो ऑगस्टमध्ये बँड सोडून गेला होता आणि नुकताच परतला होता. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' हे बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचं गाणं जुलैपासून रखडलं होतं. बाकीचे ते मनावर घेत नव्हते. हॅरिसनने उलट्या टेपवरचा गिटार सोलो करून पाहिला, तोही टाकून दिला. मग ६ सप्टेंबरला तो क्लॅप्टनला घेऊनच आला. क्लॅप्टन यायला तयार नव्हता. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं कुणी वाजवत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

तो आला आणि खोलीतलं वागणंच बदललं. परक्यासमोर सगळे नीट वाजवू लागले, असं हॅरिसन पुढे अनेकदा सांगत असे. मॅकार्टनीचा सुरुवातीचा पियानो ऐका. रखडलेल्या गाण्यावर असं कुणी वाजवत नाही.

सोलोचा सूर जरा डगमगतो, तोही मुद्दाम. आपली गिटार बीटल्ससारखी वाटत नाही, असं क्लॅप्टनलाच वाटलं. म्हणून तो ट्रॅक टेपच्या वेगात चढउतार करणाऱ्या यंत्रणेतून काढला. म्हणजे पाहुणा स्वतःची सही पुसायला सांगतोय! यात ईर्ष्या कुठे आहे?

मुक्ता७२

आडवाट यांना +१. यात जानेवारी १९६९ जोडा. १० तारखेला हॅरिसन बँड सोडून निघून गेला, मग परतला, आणि २२ला कीबोर्डवादक बिली प्रेस्टन आला. कडवटपणा निवळला आणि आठवड्याभरात छतावरची मैफल झाली. 'गेट बॅक'च्या सिंगलवर 'द बीटल्स विथ बिली प्रेस्टन' असं छापलं. त्या इलेक्ट्रिक पियानोशिवाय ते गाणं माझ्या कानात उभंच राहत नाही.

खरज

दोन्ही उदाहरणं मान्य. पण त्यातून निघतं एवढंच की पाहुणा आला की भांडण तात्पुरतं थांबतं. मी विचारतोय की नवं काही सुचतं कशातून?

गिटारवादक जिमी हेंड्रिक्स बघा. 'सार्जंट पेपर'चं अधिकृत प्रकाशन १ जून १९६७चं. ४ जूनला लंडनच्या सॅव्हिल थिएटरात हेंड्रिक्सने कार्यक्रमाची सुरुवातच त्या अल्बमच्या शीर्षकगीताने केली आणि समोर मॅकार्टनी व हॅरिसन बसलेले. मॅकार्टनी हा आपला मोठा सन्मान मानतो, बरोबरच आहे. पण ज्याने गाणं लिहिलं त्याच्यासमोर, तीन दिवसांत, ते स्वतःच्या पद्धतीने वाजवायचं यात आव्हानही आहेच. त्याआधी ऑक्टोबर १९६६मध्ये तो क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या कार्यक्रमात मंचावर चढला आणि क्लॅप्टनच्या देखत 'किलिंग फ्लोर' असं वाजवलं की क्लॅप्टन हादरला. तिथे हेंड्रिक्स पाहुणाच होता ना? पाहुणा म्हणून येऊन यजमानाला हलवून गेला. माझा मुद्दा तुमच्याच उदाहरणांतून निघतो.

लोअर परळ

तुम्ही दोघंही तारांकितांबद्दलच बोलताय. श्रेयाचं काय? 'व्हाइल माय गिटार' ज्यात आहे त्या व्हाइट अल्बमच्या वेष्टनावर क्लॅप्टनचं नाव नव्हतं. हॅरिसनने क्रीमच्या 'बॅज'वर वाजवलं तेव्हा तो 'लांजेलो मिस्तेरिओसो' झाला. वेगवेगळ्या कंपन्यांचे करार असल्यामुळे ही लपवाछपवी चाले. त्यांचं काही बिघडलं नाही, जगाला कळायचं ते कळलंच.

पण गायिका मेरी क्लेटन? १९६९मध्ये लॉस एंजेलिसात मध्यरात्री फोन करून तिला बोलावलं. ती गरोदर होती. स्टोन्सच्या 'गिमी शेल्टर'मध्ये वरच्या पट्टीत तिचा आवाज फाटतो, आणि मागे त्यांचा गायक जॅगरची उत्स्फूर्त दाद टेपवर ऐकू येते. ते गाणं लक्षात राहतं ते तिच्यामुळे. त्यानंतर लवकरच तिचा गर्भपात झाला. अल्बमवर तिचं नावही चुकीचं छापलं होतं.

गायिका क्लेअर टॉरीला पिंक फ्लॉइड या बँडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'साठी ३० पौंड मिळाले. गाण्याला शब्दच नाहीत, सगळी सुरावट तिने तिथल्या तिथे रचली. गायिका म्हणून नाव होतं, पण रचनाकार म्हणून नाव लागायला २००४मध्ये कोर्टात जावं लागलं. २००५मध्ये तडजोड झाली. पाहुण्यांचं प्रेमाने कौतुक करताना हेही लिहा.

मुक्ता७२

लोअर परळ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याला एक आपल्या जवळची बाजू. बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' (१९६६) घरात असेल तर मागची बाजू वाचा: 'लव्ह यू टू'वर तबला, अनिल भागवत. नाव स्वच्छ छापलंय. दोन वर्षांनी क्लॅप्टनला जे मिळालं नाही ते भागवतांना मिळालं होतं. उलट 'सार्जंट पेपर'वरच्या 'विदिन यू विदाउट यू'मधल्या दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणाऱ्यांची नावं वेष्टनावर नव्हती. ती समोर यायला काही दशकं गेली.

आणि जानेवारी १९६८मध्ये हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता. त्याच्या 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमचं ध्वनिमुद्रण होतं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खान त्यात होते. बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत तिथलंच. त्या गाण्यात कोण कुणाचा पाहुणा? हॅरिसन आपल्या वादकांच्या घरी शिकायला आल्यासारखा आला होता. खरज यांच्या ईर्ष्येच्या सिद्धांतात हे कुठेच बसत नाही.

खरज

बसत नाही, मान्य. हॅरिसनचं रविशंकरांकडे जाणं ही निखळ ओढ होती. पण तोच हॅरिसन १९७१मध्ये काय करत होता? ऑगस्टमध्ये रविशंकरांच्या शब्दाखातर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी मैफल, डिलन आणि क्लॅप्टनला सोबत घेऊन. आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या लेननच्या 'हाउ डू यू स्लीप?'वर स्लाइड गिटारही त्याचीच. मॅकार्टनीच्या 'टू मेनी पीपल'ला दिलेलं ते जळजळीत उत्तर होतं. ती स्लाइड काढून टाका, गाणं निम्मं राहील. पाहुणा आणि ईर्ष्या एकाच ट्रॅकवर आहेत. तुम्ही त्यांना वेगळं काढताय आणि मी ईर्ष्येला वर ठेवतोय, एवढाच फरक.

आडवाट

फरक एवढाच नाही. 'हाउ डू यू स्लीप?' उत्तम वाजवलंय आणि तरीही लेननच्या लहान कामांपैकी आहे. मित्राला घायाळ करायचं यापलीकडे त्यात काही नाही.

भांडण बघायचंच असेल तर गायक नील यंग आणि लिनर्ड स्किनर्ड हा बँड बघा. यंगच्या 'सदर्न मॅन' आणि 'अलाबामा'ला स्किनर्डने १९७४मध्ये 'स्वीट होम अलाबामा'तून नाव घेऊन ठणकावलं. लोक अजून त्यांना हाडवैरी समजतात. पण स्किनर्डचा गायक रॉनी व्हॅन झँट यंगचं चित्र असलेला टी-शर्ट घालून मंचावर जायचा, त्यांच्या 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' अल्बमच्या मुखपृष्ठावरही तोच टी-शर्ट आहे. यंगने त्यांच्यासाठी 'पावडरफिंगर' पाठवलं होतं. ऑक्टोबर १९७७मध्ये स्किनर्डचं विमान कोसळलं आणि ते राहून गेलं. पुढे आत्मचरित्रात यंगने लिहिलं की 'अलाबामा'ला तो टोला मिळायलाच हवा होता.

आणि लेननचंच हवं असेल तर २८ नोव्हेंबर १९७४ घ्या. तेच मॅडिसन स्क्वेअर गार्डन, यजमान एल्टन जॉन, पाहुणा लेनन. त्याची ती शेवटची मोठी मैफल. शेवटचं गाणं त्याने पॉलचं नाव घेऊन सुरू केलं: 'आय सॉ हर स्टँडिंग देअर', जे बीटल्समध्ये मॅकार्टनी गायचा. 'हाउ डू यू स्लीप?'नंतर तीन वर्षांनी. खरज, या दोन लेननपैकी तुम्ही कुठला ऐकता, ते सांगा.