हिंदी शिकताना "ने" ने कुणाकुणाला रडवलं? आपापले अनुभव सांगा

तापीकाठची
काल रात्री लेकीची पाचवीची हिंदीची वही चाळत होते. "मैं रोटी खाई" याला लाल गोल आणि बाजूला नुसतं "ने?" एवढंच. पोरगी रुसून बसलेली, म्हणे मम्मी आपण मी भाकरी खाल्ली असंच म्हणतो ना, मीने भाकरी खाल्ली कुठे म्हणतो? आणि मला एकदम अमळनेरचा आमचा पाचवीचा वर्ग आठवला. बाईंनी फळ्यावर मैंने, तूने, उसने लिहिलेलं आणि मी अख्खा तास विचार करत बसलेले की मराठीत त्यानेला ने आहे, तिनेला आहे, मीला नाही, तूला नाही, मग हिंदीत मैंला कशाला? विचारायची हिंमत झाली नाही. घरी अहिराणी, शाळेत मराठी, त्यात ही तिसरी. वर्षभर दिसेल तिथे ने चिकटवलं, "मैंने बाज़ार गई" सुद्धा, आणि मार खाल्ला तो वेगळाच.
लेकीला म्हटलं तुझं खाई बरोबरच आहे बाळा. तू आंबा खाल्लास तर मी आंबा खाल्ली म्हणशील का? नाही ना, आंबा खाल्ला. क्रियापद खाणाऱ्याकडे बघत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. हिंदीतही तेच, मैंने आम खाया, मैंने रोटी खाई. हे तुला आधीच येतंय, फक्त मैंला ने लाव. दोन मिनिटात कळलं तिला. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! तुमचं कसं झालं ते लिहा ना.

सावद्याचा भाऊ
माझा घोळ ने चा नव्हता, चहाचा होता. केळीची गाडी भरायची असली की उत्तरेकडचे ड्रायव्हर यायचे आणि मी दहावीतला पोरगा, पपांनी त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे दिलेलं. मी विचारायचो "चाय हो गया क्या". चहा झाला का, तसंच आलं तोंडात. एक म्हातारे सरदारजी होते, कधी हसले नाहीत, दर वेळी फक्त शांतपणे उत्तर द्यायचे "हाँ बेटा, चाय हो गई". पाचसहा वेळा ऐकल्यावर माझं आपोआप सुधारलं. आवाज पण तसाच, आपला आवाज आला, त्यांची आवाज़ आई. दही तर आपलं ते दही आणि त्यांचा तो दही, नपुंसकलिंगच नाही त्यांच्यात. वस्तूचं लिंग चुकलं की क्रियापद चुकणारच, म्हणून मी शब्द एकटा पाठ करायचं सोडलं, "चाय ठंडी", "दही खट्टा" असं जोडीनेच करतो. आजही हंगामात ते सरदारजी आठवतात.

क्वार्टरवाली
भुसावळ, रेल्वे क्वार्टर. शेजारच्या काकू बलियाच्या. मी "मैंने करा" म्हणायचे, त्या मे महिन्यात आमच्याकडे बिबड्या (ज्वारीचे पापड) थापायला बसायच्या आणि एकेक बिबडी कापडावर टाकताना म्हणायच्या करना किया, देना दिया, लेना लिया, पीना पिया, जाना गया. हात ओले, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. मी मागून म्हणायचे. ते पाचही आजपर्यंत चुकले नाहीत. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

धुळेकर
आमच्याकडे घरात "काय करी ऱ्हायना भो" चालतं, त्यामुळे "क्या कर रहा है" ऐकल्या ऐकल्या आपलंच वाटलं. करी ऱ्हायना, कर रहा. शहरातल्या मुलांना करतोय वरून कर रहा हूँ वर यायला वेळ लागला, आम्हाला नाही लागला. वर्गात अहिराणीची लाज वाटायची तेव्हा, पण एवढ्या बाबतीत तीच कामी आली. हूँ, है, हो, हैं मात्र रट्टाच मारला, विशेषतः हैं वरचा टिंब.

शहाद्याचे सर (निवृत्त)
सर्वांना नमस्कार. तीस वर्षं हिंदी शिकवली म्हणून थोडं लिहितो. ताई, तुमची युक्ती उत्तम आहे, पण पुढे तीन खड्डे आहेत, लेकीला आत्ताच दाखवून ठेवा. मी भाकरी आणली, पण हिंदीत लाना ला ने लागत नाही, "मैं रोटी लाई", ते क्रियापद मुलीकडे बघतं. उलट मी हिंदी शिकले, इथे मराठीत क्रियापद शिकणारीकडे बघतं आणि हिंदीत "मैंने हिंदी सीखी". चहाचंही तेच, मी चहा प्यायले पण "मैंने चाय पी". आणि को आला की क्रियापद कोणाकडेच बघत नाही, "मैंने लड़की को देखा", देखी नाही. भूलना ला ने नाही. मुलं चुकतात ती मराठीच्या शिस्तीने चुकतात, आळसाने नाही, हे मी पहिली काही वर्षं ओळखलं नाही आणि नुसते लाल गोल करत राहिलो. त्याचं आज वाईट वाटतं.

तापीकाठची
सर, मैं लाई / मैंने सीखी हे फ्रिजवर चिकटवते आजच. आणि वाईट नका वाटून घेऊ, तुम्ही लिहिलंत हेच खूप आहे.

इंदूरची सून
लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांना "आप बैठो, आप चाय पियो" म्हणायचे. तुम्ही बसा, बसा ला बैठो, मला ते आदराचंच वाटायचं! नणंदेने बाजूला घेऊन सांगितलं भाभी, पापाजी को बैठिए बोलते हैं. मग कीजिए, दीजिए, लीजिए, पीजिए. रात्री माहेरची आठवण येऊन रडले होते त्या दिवशी, कोणी रागावलं नव्हतं तरी. आता पोरं घरी हिंदी बोलतात आणि मी त्यांना मराठी शिकवतेय, "मीने केलं" म्हणतो धाकटा.

धुळेकर
ताई, तुमच्या धाकट्याने वर्तुळ पूर्ण केलं बघा. पाठवा त्याला सुट्टीत इकडे, महिनाभरात अहिराणीच बोलेल.

सावद्याचा भाऊ
आणि भरताची वांगी घेऊन जा येताना जाताना, इंदूरला ती मिळायची नाहीत.

इंदूरची सून
नाहीच मिळत हो भाऊ 😢 इथली बियांचीच असतात

क्वार्टरवाली
आले परत. सर, ते को वालं मला आज पहिल्यांदा समजलं, खरंच धन्यवाद.

तापीकाठची
क्वार्टरवाली ताई, बिबड्यांची ज्वारी किती दिवस भिजवायच्या तुमच्याकडे? माझ्या मागच्या वर्षी चिरल्या सगळ्या.

क्वार्टरवाली
तीन दिवस, पाणी रोज बदलून. आणि थापायचं कापड ओलं हवं. काकू गावी गेल्या आता, पण फोन असतो, विचारून सांगते अजून.