मदत हवी आहे: जावास्क्रिप्टमध्ये .देन() लावला की प्रॉमिसचा टाइमआउट हरवतो

लोकलमध्ये कुर्ल्याच्या पुढे रेंज गेली की आमचं ॲप नुसतं फिरत बसतं. म्हणून प्रॉमिसचा (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारा ऑब्जेक्ट) छोटा सबक्लास लिहिलाय: कन्स्ट्रक्टरला एक्झिक्युटर (काम सुरू करणारं फंक्शन) आणि टाइमआउट, शिवाय .कॅन्सल(). पहिला कॉल नीट चालतो. पुढची पायरी जोडायला .देन() लावला की नवा प्रॉमिस फक्त एक्झिक्युटर घेऊन बनतो आणि माझे ८००० मिलिसेकंद 'अनडिफाइन्ड' होतात. सिम्बॉल.स्पीशीज (नवा प्रॉमिस कोणत्या क्लासचा बनेल ते ठरवतं) मूळ प्रॉमिसकडे वळवून पाहिलं, तर .कॅन्सल()च गायब!

प्रॉमिस.रेस (जो आधी संपेल तो घेणारं) सुचवू नका, हरलेली रिक्वेस्ट मागे चालूच राहते. फेच (नेटवर्क रिक्वेस्ट) अबॉर्टकंट्रोलरनेच थांबवतोय. ब्लूबर्ड लायब्ररी नको, बंडल लहान हवं (टीम लीड हटून बसलाय). असिंक फंक्शन नेटिव्ह प्रॉमिसच देतं हे ठाऊक आहे, तिथे .देन()ची साखळीच वापरतो.

मग देन ओव्हरराइड करून टाइमआउट आणि कंट्रोलर पुढच्या प्रॉमिसला हाताने चिकटवू, की सबक्लास सोडून देन असलेला साधा ऑब्जेक्ट बरा?