मदत हवी आहे: रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीवर (पितळी कवचावर) बुडाजवळ चमकदार कडं दिसतंय

नमस्कार मंडळी,

सोलापुरात मधल्या मारुतीजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे. घराणं तांबटाचं, त्यामुळे पितळ कळतं, बंदुकीतलं मात्र काही नाही.

भाचा अ‍ॅरिझोनात असतो. तिथे .308 रायफलने नेमबाजी करतो आणि काडतुसं घरीच भरतो. (आपल्याकडे परवान्याशिवाय हे करता येत नाही, शस्त्र अधिनियम 1959 आडवा येतो. तेव्हा प्रश्न त्याच्या तिकडच्या कामापुरताच.) त्याच त्या पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरल्यामुळे काहींच्या माना (गोळी बसते ते अरुंद तोंड) उभ्या चिरल्यात. "मामा, भाजून घेतल्या तर टिकतील ना?" असं विचारत होता.

मानेचं मला उमगलं. बार उडाला की मान फुगते, पुंगळी मूळ मापात आणणाऱ्या साच्यात पुन्हा आवळली जाते आणि पितळ ताठर होत जातं. चिरलेली गेलीच. बाकीच्यांना ताव द्यायचा तो फक्त मानेला आणि तिच्याखालच्या उताराला, म्हणजे खांद्याला. बूड मऊ पडता कामा नये, सगळा दाब तिथेच पेलायचा असतो. हे त्याला दोनदा बजावलंय.

अमोनियावालं पॉलिशही बंद करायला लावलं. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं नुसती पडून तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण, ही कारणं 1921 साली उलगडली. चिंचेत फार वेळ भिजवणंही नको, जस्त निघून जाऊन पितळ लालसर पडतं.

अडलंय ते पुढे. दोन पुंगळ्यांवर बुडापासून बोटभर वर, चौफेर चकचकीत कडं आहे. बाहेरून चीर नाही. नुसता साच्याचा घासा आहे, की पितळ आतून पातळ झालंय? कसं ओळखायचं? पोरगं डोळ्याजवळ धरून बार उडवतं, जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद:

काका, बाहेरून बघून ठरवू नका. पेपरक्लिप सरळ करून टोक काटकोनात वाकवायला सांगा आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढायला सांगा. कड्यापाशी टोक खाचेत अडखळलं, तर पुंगळी तिथूनच दुभंगणार. शंका राहिली तर एक करवतीने उभी कापून बघू दे, पातळ झालेली भिंत स्पष्ट दिसते. एक तशी निघाली तर तितक्याच वेळा भरलेल्या सगळ्या बाद करा आणि पक्कडीने चेपून टाका, चुकून परत भरल्या जायला नकोत.

बहुतेक वेळा साचा जास्त खाली बसवलेला असतो. खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो, मग दर बाराला पुंगळी ताणते. त्याच्या रायफलमध्ये उडालेली पुंगळी मोजून खांदा 0.002 इंच इतकाच मागे सरकेल असा साचा लावू दे. लांबीही मोजत राहू दे: .308 ला कमाल 2.015 इंच, कापून 2.005. सारखी कापावी लागत असेल तर ते वाढलेलं पितळ भिंतीतूनच आलेलं असतं.

धागाकर्ता:

आभारी आहे. आज रात्रीच फोन करतो. तपासून होईपर्यंत त्या खेपेतलं एकही काडतूस उडवायचं नाही, असं आधी सांगतो.